साधन सर्वांत शेवटी

शाळेत ‘डिजिटल गोष्ट’ हा, आवाज आणि चित्रं जुळवून छोटी गोष्ट बनवण्याचा उपक्रम आला की शिक्षकांच्या गटांवर दोन प्रकारचे संदेश फिरायला लागतात. पहिला याद्यांचा: गोष्टी बनवण्यासाठी पंधरा उत्तम ॲप, वीस मोफत संकेतस्थळं, एका क्लिकवर चित्रकथा. दुसरा संतापाचा: मुलांच्या हातातला मोबाइल आधी काढून घ्या, गोष्ट आजीच्या तोंडून ऐकायची असते. एका बाजूला वाटतं की योग्य साधन सापडलं की वर्ग आपोआप बोलता होईल. दुसरीला वाटतं की पडदा आला आणि गोष्ट मेली. भांडण जोरात आहे, पण दोघांनी धरून चाललेली गोष्ट एकच आहे: सगळं साधनावर ठरतं. मला हे गृहीतच मान्य नाही. साधन काळजीपूर्वक निवडायलाच हवं, पण ते कामाच्या शेवटी निवडायचं असतं. आणि निवडताना विचारायचा मुख्य प्रश्न असा, की या साधनात मुलाच्या हातात किती निर्णय उरतात? कोणता शब्द, कोणाचा आवाज, कोणतं चित्र, कुठे थांबायचं आणि तयार गोष्ट कोणाकडे राहायची, हे निर्णय मुलाकडे राहत असतील तर साधं साधनही पुरतं. हे निर्णय साधनच घेत असेल, तर ते कितीही देखणं असलं तरी शिकवण्याच्या कामाचं नाही.

‘डिजिटल स्टोरीटेलिंग’ हे नाव ज्या पद्धतीला मिळालं ती १९९० च्या दशकात कॅलिफोर्नियात घडली. जो लॅम्बर्ट, डेना ॲचली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत केंद्र सुरू केलं. पुढे ते बर्कलीला गेलं आणि आता स्टोरीसेंटर या नावाने ओळखलं जातं. त्यांच्या कार्यशाळेचा क्रम लक्ष देऊन पाहावा असा आहे. माणसं आधी गोल करून बसतात, आपली गोष्ट तोंडी सांगतात, बाकीचे ऐकतात आणि प्रश्न विचारतात. मग थोडक्यात लेखन, मग स्वतःच्या आवाजात ध्वनिमुद्रण, मग मोजकी चित्रं. संगणकावरची जुळणी या सगळ्यानंतर येते आणि हाती येते ती दोन-तीन मिनिटांची गोष्ट. ज्यांनी या प्रकाराला ‘डिजिटल’ म्हटलं, त्यांनीच डिजिटल भाग रांगेत मागे उभा केला होता. आपल्याकडे येताना रांग उलटी झाली. प्रशिक्षणाच्या पहिल्या तासाला खातं उघडायला सांगतात आणि गोष्ट कोणती सांगायची ते शेवटच्या दिवशी आठवतं.

हा क्रम मराठी माणसाला परका वाटायचं कारण नाही. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजातले चित्रकथी पिढ्यान्‌पिढ्या एकेक चित्र समोर धरून, गात आणि निरूपण करत आख्यानं सांगत आले. एका आख्यानाच्या चित्रांचा गठ्ठा म्हणजे पोथी. ही परंपरा टिकवणाऱ्या परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. १८९२ च्या सुमारास कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी ‘शांबरिक खरोलिका’चे खेळ सुरू केले. काचेवर रंगवलेली चित्रं कंदिलाच्या उजेडाने पडद्यावर पडायची आणि सोबत निवेदन चालायचं. त्या काळी याहून आधुनिक दृश्यसाधन सामान्य प्रेक्षकाच्या वाट्याला येत नव्हतं. तरी खेळ यंत्रामुळे उभा राहिला का? कोणत्या प्रसंगाची काच रंगवायची आणि कोणत्या वाक्याला ती बदलायची, हे सांगणाऱ्याने ठरवलं होतं म्हणून तो उभा राहिला. पाचवीतल्या मुलीने आपल्या गोष्टीत हेच ठरवावं, एवढीच अपेक्षा आहे.

याला सर्वांत मोठा आक्षेप अभ्यासकांकडूनच येतो. अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ रिचर्ड क्लार्क यांनी १९८३ मध्ये मांडलं, की माध्यमं ही निव्वळ वाहनं आहेत. किराणा आणणाऱ्या ट्रकमुळे जसं आपलं पोषण बदलत नाही, तसं माध्यम बदलल्याने शिकणं बदलत नाही. शिकणं बदलतं ते अध्यापनपद्धतीमुळे. माध्यमाच्या अंगच्या क्षमतांनीही शिकणं घडतं, असं उत्तर रॉबर्ट कोझ्मा यांनी त्याला दिलं आणि तो वाद पुढे दशकभर चालला. क्लार्क यांचा मुद्दा अर्ध्याहून अधिक खरा आहे, हे मी आधीच मान्य करतो. ॲप बदलून निकाल सुधारल्याचे बहुतेक दावे तपासले तर बदललेलं असतं ते शिक्षकाने दिलेलं लक्ष आणि वेळ. पण ट्रकची उपमा एका ठिकाणी तुटते. दूध आणायचं असेल आणि गाडीला शीतपेटी नसेल, तर दूध नासून पोचतं. मराठी भाषा हे असं दूध आहे. पुष्कळ साधनांत ती वाटेतच नासते.

हे पारखायला पाच मिनिटं लागतात. साधन उघडून त्यात एक वाक्य लिहावं: ‘दुसऱ्या दिवशी वाऱ्याने कृष्णाआत्याच्या विहिरीवरचा पत्रा उडाला आणि श्रावणातलं कोवळं ऊन थेट पाण्यावर पडलं.’ मग डोळे बारीक करून पाहावं. ‘दि’ची पहिली वेलांटी ‘द’च्या आधी उभी आहे, की मागे पडून ठिपक्यांच्या वर्तुळाला लटकली आहे? ‘दुसऱ्या’तला ‘र’ पापणीसारखा आडवा आला, की ‘र्या’ होऊन ‘या’च्या डोक्यावर रफार चढला? ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यात गुरू आणि स्वयंपाकी एवढा फरक आहे आणि तो या एका खुणेवर तोललेला आहे. ‘ष्ण’, ‘त्र’, ‘श्र’ जुळले, की मध्ये पाय मोडून सुटे उभे राहिले? इथवर सगळं ठीक दिसलं तरी थांबू नये. लिहिताना पडद्यावर जी अक्षरं दिसतात ती ब्राउझर जुळवत असतो. व्हिडिओ किंवा पीडीएफ बनवताना साधन स्वतःची यंत्रणा वापरतं आणि जोडाक्षरं तिथे फुटतात. म्हणून ते एक वाक्य फाइल म्हणून बाहेर काढून दुसऱ्या फोनवर उघडल्याशिवाय चाचणी पूर्ण होत नाही. तीस मुलांच्या गोष्टी तयार झाल्यावर हे कळलं, तर दुरुस्तीला जागाच राहत नाही. टंकाचंही तसंच. पुष्कळ साधनांतले देवनागरी टंक हिंदी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ दाखवतात. मोठ्यांना फरक पडत नाही, पण नुकतं अक्षर ओळखायला लागलेलं पहिली-दुसरीतलं मूल पुस्तकातला ‘ल’ शोधत राहतं. आणि जुन्या, युनिकोड नसलेल्या टंकांत टाइप केलेले पाठ कोणत्याही ऑनलाइन साधनात चिकटवले की निरर्थक खुणांची रांग उमटते. तो मजकूर आधी युनिकोडमध्ये बदलूनच घ्यावा लागतो.

आवाजाची गोष्ट याहून नाजूक आहे. मजकूर टाकला की यंत्र वाचून दाखवेल, अशी सोय आता पुष्कळ ठिकाणी मिळते आणि लाजऱ्या मुलासाठी ती वरदान असल्याचं सांगितलं जातं. मराठीत ‘चार’मधला ‘च’ वेगळा आणि ‘चारा’मधला वेगळा. लिपीत हा फरक दिसत नाही, तो कानाने येतो. यंत्र अडखळतं ते इथेच, आणि मग गाईला ‘च्यारा’ घातला जातो. त्याहून मोठं नुकसान असं, की मालवणी, अहिराणी किंवा वऱ्हाडी बोलणाऱ्या मुलाची गोष्ट यंत्राच्या तोंडून एकाच सपाट प्रमाण मराठीत बाहेर पडते. बोलून टाइप करण्याच्या सोयीचंही तेच. मूल आपल्या बोलीत बोलतं आणि पडद्यावर तिसरंच काही उमटतं. चुकलं यंत्र, पण मुलाला वाटतं आपलंच बोलणं चुकीचं. डिजिटल गोष्टीचं बळ सांगणाऱ्याच्या स्वतःच्या आवाजात आहे. तोच काढून घेतला तर मागे राहते ती चित्रांची मालिका.

स्वतःचा आवाज मुद्रित करायला महागडं काही लागत नाही, थोडी शिस्त लागते. फोन विमान मोडवर टाकावा, पंखा बंद करावा, शक्य असेल तर भिंतीपेक्षा पडद्याकडे किंवा कपड्यांच्या गठ्ठ्याकडे तोंड करून बसावं, म्हणजे घुमत नाही. फोन तोंडापासून एक वीत अंतरावर आणि थोडा बाजूला धरावा. समोर धरला की ‘प’, ‘फ’, ‘भ’ म्हणताना सुटणारी हवा थेट माइकवर आदळते आणि फटफट ऐकू येते. सुरुवातीला पाच सेकंद कोणीही काही बोलू नये. ही शांतता रिकामी नसते. ऑडॅसिटीसारख्या मोफत प्रणालीत तेवढाच तुकडा निवडून खोलीचा आवाज कसा आहे ते तिला ओळखायला लावता येतं आणि मग तो आवाज सगळ्या ध्वनिफितीतून कमी करता येतो. वाचताना चूक झाली तर बंद करून पहिल्यापासून सुरू करायचं नाही. एक टाळी वाजवायची आणि तेच वाक्य पुन्हा म्हणायचं. आलेखात टाळीचा उंच सुळका दिसतो आणि कुठे कापायचं ते शोधावं लागत नाही. पत्र्याच्या छताखाली पावसाळ्यात मात्र हे काम काढूच नये.

साच्यांच्या बाजूने बोलणाऱ्यांचा मुद्दा मला मनापासून पटतो: कोऱ्या पानासमोर मूल गोठतं. तयार पात्रं, तयार पार्श्वभूमी, बोलण्याचे फुगे मिळाले की ज्याला चित्र काढायची लाज वाटते तेही मूल कामाला लागतं. पहिल्या खेपेला असा आधार द्यायला माझी हरकत नाही. हरकत आहे ती तिथेच राहण्याला. तयार चित्रांच्या साठ्यात ‘शेतकरी’ शोधलं तर बहुधा गवती हॅट घातलेला माणूस मैलभर पसरलेल्या गव्हात उभा दिसतो. ‘घर’ शोधलं तर धुराड्याचं उतरतं छप्पर. मग घाटावरच्या मुलाच्या गोष्टीत ज्वारीच्या जागी गहू येतो, कोकणातल्या मुलीच्या पडवीचा व्हरांडा होतो आणि हा बदल कोणी ठरवून केलेला नसतो. गोष्ट चित्राप्रमाणे वाकते. शिवाय वर्गाचा वेळ बघा. साच्यांच्या साधनावर पहिल्या दोन तासिका पात्राचे केस, कपडे आणि अक्षरांची सळसळ निवडण्यात जातात आणि वाक्यं शेवटच्या दहा मिनिटांत उरकली जातात.

यावर उपाय म्हणजे कागद, आणि तोही मोजून. ए-चार आकाराच्या आडव्या कागदावर २७ सेंटिमीटर रुंद आणि १५ सेंटिमीटर उंच चौकट आखून द्यावी आणि चित्र तिच्या आत काढायला सांगावं. हे माप का? व्हिडिओची चौकट सोळास नऊ या प्रमाणात असते आणि कागदाचं प्रमाण वेगळं असतं. चौकट न आखता काढलेलं चित्र व्हिडिओत बसवताना एक तर बाजूला काळे पट्टे येतात किंवा माणसांची डोकी कापली जातात. फोटो खिडकीजवळ, दिवसाच्या उजेडात, बरोबर वरून घ्यावा. ट्यूबलाइटखाली घेतला की फोन धरणाऱ्याचीच सावली चित्रावर पडते. मजकूर साधारण दोनशे शब्दांचा असावा. मुलं सावकाश वाचतात तेव्हा मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्द होतात, म्हणजे गोष्ट दोन मिनिटांत बसते. तिला आठ ते दहा चित्रं पुरतात आणि प्रत्येक चित्र बारा-पंधरा सेकंद टिकतं. दहाहून अधिक चित्रं काढू दिली तर मूल वाक्याचं चित्र काढायला लागतं. मोजकी दिली तर त्याला प्रसंग निवडावा लागतो, आणि गोष्ट शिकणं म्हणजे ही निवड शिकणं.

आता तयार गोष्ट राहते कुठे, हे पाहू. याद्या करणारे या प्रश्नाकडे वळतच नाहीत. १ ऑगस्ट १९७५ ला भारतात ‘साइट’ हा उपग्रह दूरदर्शनचा प्रयोग सुरू झाला. सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० गावांत टीव्ही संच पोचले. सकाळी शाळेतल्या मुलांसाठी आणि संध्याकाळी गावासाठी कार्यक्रम दिसू लागले. जगात त्या काळी हा अपूर्व प्रयोग होता आणि त्यातून देशाने खूप काही कमावलं. पण उपग्रह नासाचा होता, एक वर्षाच्या बोलीवर मिळालेला. ३१ जुलै १९७६ ला मुदत संपली, उपग्रह हलवला गेला आणि त्यावर विसंबलेल्या गावांचं थेट प्रक्षेपण थांबलं. त्याच काळात गुजरातमध्ये खेडा जिल्ह्यात पिज इथे एक छोटं जमिनीवरचं प्रक्षेपण केंद्र उभं राहिलं होतं. तिथे गावातल्या माणसांना घेऊन, त्यांच्या प्रश्नांवर, त्यांच्या बोलीत कार्यक्रम बनत होते. ते काम पुढेही कित्येक वर्षं चाललं आणि जगभर नावाजलं गेलं. मोफत ऑनलाइन साधन हा असाच उसना उपग्रह आहे. त्याची कक्षा कोणीतरी दुसराच ठरवतो.

हे भय काल्पनिक आहे का? स्टोरीफाय हे गोष्टी गुंफण्याचं साधन १६ मे २०१८ ला बंद झालं. ३१ डिसेंबर २०२० ला ब्राउझरमध्ये हलती चित्रं आणि खेळ चालवणाऱ्या ‘फ्लॅश’ या प्रणालीचा आधार संपला आणि त्यावर बनवलेले असंख्य शैक्षणिक खेळ आणि सचित्र पाठ ब्राउझरमध्ये उघडेनासे झाले. २९ जून २०२० ला सरकारने ५९ ॲपवर बंदी घातली. त्या यादीत व्हिडिओ जुळवण्याचं व्हिवाव्हिडिओ होतं आणि शिक्षकांच्या रोजच्या वापरातलं कॅमस्कॅनरही होतं. बंदीची कारणं वेगळी, कंपनीच्या निर्णयांची वेगळी, पण वर्गाला बसणारा फटका सारखाच. म्हणून कोणतंही साधन स्वीकारण्याआधी एकच कृती करावी: दोन चित्रांची चाचणी-गोष्ट बनवून ती फाइल म्हणून उतरवून घ्यावी, मग इंटरनेट बंद करून चालवावी. चालली तर पुढे जावं. दुव्याखेरीज काहीच हाती येत नसेल तर साधन सोडून द्यावं. वॉटरमार्क, म्हणजे साधनाचं नाव, व्हिडिओभर उमटत असेल तर तेही आत्ताच दिसेल. फाइलच्या आकाराचाही हिशेब मांडावा. दोन मिनिटांचा मध्यम दर्जाचा व्हिडिओ साधारण ३० एमबीचा होतो. तीस मुलांचे मिळून ९०० एमबी होतात, आणि एका शिक्षकाच्या फोनच्या हॉटस्पॉटवरून एका तासिकेत ते चढवणं बहुतेक गावांत जमत नाही. व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून पाठवला तर तो दाबला जातो आणि पेन्सिलीच्या बारीक रेषा पुसट होतात. तोच ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर जसाच्या तसा पोचतो.

मग पडदाविरोधकांचं म्हणणं काय चुकीचं? त्यांच्या पाठीशी वजनदार पुरावे आहेत आणि ते झटकून टाकणं योग्य नाही. युनेस्कोच्या २०२३ च्या जागतिक शिक्षण अहवालाने तंत्रज्ञानाच्या लाभांचे पक्के पुरावे कमी असल्याचं सांगत, हे कोणाच्या अटींवर चाललंय, असा प्रश्न विचारला. त्याच वर्षी स्वीडनसारख्या संगणकात न्हालेल्या देशाने छापील पाठ्यपुस्तकांकडे परत वळण्यासाठी पैसे दिले. मुलांचं लक्ष फुटतं, वाचन उथळ होतं, ही काळजी खरी आहे. पण हे पुरावे प्रामुख्याने पडद्यावरून घेणाऱ्या मुलाबद्दल आहेत. इथे मूल पडद्यासाठी बनवतं आहे, आणि सहा तासिकांच्या कामात पडदा दीड-दोन तासिकांपुरताच येतो. शिवाय काही गोष्टी कागदावर होतच नाहीत.

ट्विन हे मोफत, मुक्त साधन घ्या. २००९ पासून ते उपलब्ध आहे. त्यात फाटे फुटणारी गोष्ट लिहिता येते: वाचणाऱ्याने विहिरीकडे जायचं ठरवलं तर एक प्रसंग, देवळाकडे गेला तर दुसरा. ज्या शब्दावरून पुढे जायचं तो दुहेरी चौकटी कंसात लिहिला की झालं: [[विहीर]]. आता वर्गात काय घडतं ते पाहा. मूल ‘विहीर’ नावाचा प्रसंग लिहितं आणि दुसऱ्या पानावर वाक्याच्या ओघात [[विहिरीकडे]] लिहून मोकळं होतं, किंवा ऱ्हस्व-दीर्घ चुकून [[विहिर]] लिहितं. साधन ओरडत नाही. ते त्या नावाचा एक नवा, रिकामा प्रसंग मुकाट्याने तयार करतं. खेळून पाहणारा मित्र त्या रिकाम्या पानावर येऊन अडकतो. ‘विहीर’ची सामान्यरूपात ‘विहिरी’ का होते, हा व्याकरणाचा धड्यात न रुजलेला प्रश्न तिथे स्वतःच्या गोष्टीचा प्रश्न होतो. दाखवायचा शब्द आणि जायचं पान वेगळं ठेवता येतं, हे शिकवलं की [[विहिरीकडे जा->विहीर]] असं लिहून मूल तो सोडवतं. पुढच्या गोष्टीत शुद्धलेखन तपासायला सांगावं लागत नाही. शेवटी सगळी गोष्ट एका एचटीएमएल फाइलमध्ये बाहेर येते, पेन ड्राइव्हवर मावते आणि नेटशिवाय चालते. धोका एकच, पण मोठा. संकेतस्थळावरचं ट्विन गोष्ट त्या संगणकाच्या ब्राउझरमध्येच साठवतं. ब्राउझरमध्ये साठलेली माहिती पुसली, किंवा संगणककक्षातली यंत्रं रोज संध्याकाळी स्वच्छ होणारी असली, तर दुसऱ्या दिवशी गोष्ट गेलेली असते. म्हणून तासिकेची शेवटची पाच मिनिटं फाइल उतरवून नाव घालून ठेवायला राखावीच लागतात. इथे कोझ्मा यांना मान द्यावा लागतो: पद्धत तीच राहिली असती तरी हे शिकणं फळ्यावर झालं नसतं. दूर राहणाऱ्यांच्या बाबतीतही तसंच. उत्तर अमेरिकेतल्या रविवारच्या मराठी शाळांत घरी मराठी बोलणारी, पण देवनागरीत अडखळणारी मुलं असतात. लिहिण्याआधी आवाजाने गोष्ट बांधता येणं ही त्यांच्यासाठी दाराची किल्ली आहे.

जाता जाता उपशीर्षकांबद्दल. निवेदन ऐकू येत असताना तेच शब्द पडद्यावर दाखवले तर समजायला अडथळा होतो, हे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मेयर यांच्या प्रयोगांनी दाखवलं आहे, आणि पुष्कळ प्रशिक्षक तो नियम सरसकट सांगतात. पण नवसाक्षर आणि नुकतं वाचू लागलेलं मूल यांना त्याच भाषेतल्या उपशीर्षकांचा फायदा होतो. ब्रिज कोठारी यांनी १९९६ पासून अहमदाबादेत याच कल्पनेवर काम उभं केलं. म्हणजे आठवीच्या विज्ञानकथेला उपशीर्षकं नकोत आणि दुसरीच्या गोष्टीला हवीत. हा निर्णय वर्ग पाहून घ्यायचा.

मुलांच्या माहितीबद्दल तडजोड नको. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याच्या नजरेत १८ वर्षांखालचा प्रत्येक जण बालक आहे आणि पालकांची पडताळता येणारी संमती हे त्यातलं मूळ तत्त्व आहे. ‘खातं उघडा’ असं वर्गाला सांगताना जन्मतारीख खोटी घालायला लावणं सर्रास चालतं. ते तात्काळ थांबलं पाहिजे. खातं शिक्षकाचं असावं, गोष्टीत मुलाचं पूर्ण नाव नसावं, चेहऱ्याऐवजी चित्र असावं. संगीत सिनेमातलं नको, त्यात हक्कांचा प्रश्न येतो. तयार चित्र-गोष्टी हव्या असतील तर प्रथम बुक्स या प्रकाशनसंस्थेच्या ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावर मराठीत पुष्कळ आहेत आणि त्या खुल्या परवान्याच्या आहेत: श्रेय देऊन बदलता, भाषांतरित करता, छापता येतात.

सर्वांत ताजा वाद कृत्रिम बुद्धिमत्तेचा. दोन ओळी लिहा, गोष्ट, चित्रं, आवाज सगळं तयार. शिक्षकाने पाठाची ओळख करून देण्यासाठी हे वापरलं तर वेळ वाचतो, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण मुलाच्या कामाला सुरुवातीची, निर्णय कोणाकडे राहतात ही कसोटी लावून पाहा. शब्द कोणी निवडला? यंत्राने. चित्र? यंत्राने. कुठे थांबायचं? तेही यंत्राने. मुलाने फक्त मागणी केली. एडिसन यांनी १९१३ मध्ये सांगितलं होतं, की शाळेतली पुस्तकं लवकरच कालबाह्य होतील आणि चित्रपट सगळं शिकवेल. त्यांचं यंत्र खरोखर अद्‌भुत होतं. पण बघणारं मूल आणि शिकणारं मूल एकच आहे, असं त्यांनी धरलं, आणि पुस्तकं आजही दप्तरात आहेत.

शेवटचा आक्षेप वेळेचा, आणि तो शिक्षकांच्या थकव्यातून येतो म्हणून त्याला आदराने उत्तर द्यायला हवं. चाळीस मिनिटांच्या सहा तासिका: पहिली गोल करून सांगण्याची आणि ऐकण्याची, दुसरी लिहिण्याची, तिसरी खोडण्याची, चौथी चित्रांची, पाचवी आवाजाची, सहावी जुळणीची. तीस मुलं असतील तर पाच-पाचांचे सहा गट आणि सहा गोष्टी. आवाजाच्या तासिकेला एक गट शांत खोलीत, बाकीचे चित्रं पूर्ण करत. यातला एकही मिनिट अभ्यासक्रमाबाहेरचा नाही. तोंडी सांगणं, लेखन, पुनर्लेखन आणि प्रकट वाचन हे मराठीच्या तासाला करायचंच असतं. वेळ खातो तो साधनांचा शोध, आणि शिक्षकांकडून तो तुकड्यातुकड्याने, रात्री, स्वतःच्या फोनच्या डेटावर करून घेतला जातो.

म्हणून मागणी प्रशिक्षण ठरवणाऱ्यांकडे आहे. दोन दिवसांच्या वर्गाचा पहिला दिवस वाय-फाय बंद ठेवून घ्या. प्रत्येक शिक्षकाने दोनशे शब्दांची गोष्ट लिहावी, गोलात वाचावी, एक तृतीयांश खोडावी, २७ बाय १५ च्या चौकटीत आठ चित्रं काढावीत आणि पंखा बंद करून स्वतःच्या आवाजात ती मुद्रित करावी. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रत्येकाने तीन साधनांत ‘दुसऱ्या दिवशी वाऱ्याने’ हे वाक्य घालावं, फाइल उतरवावी, नेट बंद करून शेजाऱ्याच्या फोनवर चालवावी आणि दुपारपर्यंत आपलं साधन आपण निवडावं.